बेचाळीस घरांची दोरी

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. "ही गोष्ट वस्तीबाहेर जाऊ नाई पाह्यजे," असं कुंताबाईने सगळ्यांना बजावलं होतं. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अन् दोरे, तू बी तोंड बंद ठेवजो." सगळे हसले. दोरीला कुठे तोंड असतं?

तोंड नाही, पण दोन टोकं आहेत. मी नेहमी दोन माणसांच्या मधे असते. टोकाला धरणारे बोलतात आणि मी ऐकते. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, म्हणून हळूच सांगते. मी अंबाडीची दोरी बोलतेय. लांबी पन्नास फूट. आज त्या लांबीबद्दल कुणाला शंका नाही, पण मधे एक दिवस असा आला होता की मी पन्नासची राहिले नव्हते. तेच तर सांगायचं नव्हतं.

माझा जन्म देवळीजवळच्या एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाला. तेव्हा मी झाड होते. माझ्या पानांची आंबट भाजी लोकांनी खाल्ली आणि काड्या उरल्या. रामाजी नावाच्या म्हाताऱ्याने त्या काड्या नाल्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. पंधरा-वीस दिवसांनी साल सुटली, तेव्हा त्याने ती धुऊन, वाळवून, मांडीवर वळून माझी दोरी केली. माझा आणि पाण्याचा संबंध तेवढाच. दोरी झाल्यावर मला कुणी भिजवलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाजारात पुंडलिकरावांनी मला विकत घेतलं. ते कापूसवाले शेतकरी. त्यांच्या बैलबंडीवर कापसाचा ढीग रचला की मला वरून आवळायचे. कापूस मऊ असतो, त्यामुळे ते दिवस बरे गेले. पण मग ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि तिच्याबरोबर निळी नायलॉनची दोरी आली. ती चकचकीत होती, मी खरबरीत. मला गोठ्यातल्या खिळ्यावर टांगून ठेवलं आणि विसरून गेले. तीन वर्षं मी एका कोळ्याचं जाळं अंगावर बाळगून होते.

मला तिथून सोडवलं मनकर्णाबाईने. ती पुंडलिकरावांकडे तण निंदायला यायची आणि उरलेल्या वेळात भाजी विकायची. साठीच्या पुढची, बारीक, पण आवाज असा की नाल्यापलीकडे ऐकू जावा. तिने मला खिळ्यावर पाहिलं.

"पुंडलिकराव, हे दोरी कोणाची?"

"कोणाचीच नाई. काऊन? फाशी घेतं का बुडे?"

"मी काऊन फाशी घिऊ? मले घर मोजाचं हाय."

पुंडलिकराव हसले आणि म्हणाले, "घेऊन जा."

घर मोजायचं म्हणजे काय, ते मला वस्तीत गेल्यावर कळलं. गावाला लागून नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे बेचाळीस घरं. तीस वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंगच्या कामाला आलेली माणसं तिथे राहिली. आधी पालं होती, मग कुडाच्या भिंती आल्या, मग एकेक वीट. जागा सरकारी. लोकांची लेकरं तिथे जन्मली, त्यांची लग्नं झाली, पण एकाही घराचा कागद नाही. दर एक-दोन वर्षांनी नोटीस यायची. त्या नोटिशीत घराला घर म्हणत नसत, 'अतिक्रमण' म्हणत. मनकर्णाबाईला वाचता येत नाही, पण तो एक शब्द ती कागदावर बरोबर ओळखायची. "हा लांबट हाय, तोच तो," म्हणायची.

वस्तीत उज्वला नावाची सून आहे. बारावी शिकलेली, बायकांच्या गटाची सचिव. तिने कुठून तरी सरकारचा नियम शोधून आणला आणि मनकर्णाबाईच्या ओसरीत सगळ्यांना वाचून दाखवला. जुन्या रहिवाशांची पाचशे चौरस फुटांपर्यंतची जागा त्यांच्या नावावर होऊ शकते. अर्ज करायचा, नकाशा द्यायचा, मग साहेब येऊन मोजतील.

"घर मांगणं म्हणजे भीक नोहे," उज्वला म्हणाली. "हक्क हाय आपला. पण मोजलं आपणच पाह्यजे. दुसऱ्यानं मोजलं तं त्याचंच माप खरं होते."

आकडे कितीजणींना वाचता येत होते? सात-आठजणींना. म्हणून दोरी हवी होती. लक्ष्मणराव गवंडी आहे, म्हणजे कुंताबाईचा नवरा. त्याने आपल्या टेपने माझ्यावर फुटाफुटाच्या खुणा केल्या आणि कुंताबाईने प्रत्येक खुणेवर पांढरी चिंधी शिवली. अर्ध्या फुटावर निळा दोरा आणि दर दहा फुटांवर लाल चिंधी. लाल कापड मनकर्णाबाईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचं. आता डोळे मिटूनसुद्धा बोटांनी मोजता येत होतं. बायका मोठ्याने चिंध्या मोजायच्या, उज्वला वहीत आकृती काढायची. लक्ष्मणरावाचा टेप त्याच महिन्यात गंजून तुटला, तेव्हा तो म्हणाला, "आता दोरीच आपला टेप." मला फार भारी वाटलं.

पण अर्ज देऊन चार महिने झाले तरी साहेब येईनात. मग वस्तीने ठरवलं, आपणच कचेरीत जायचं. घोषणांचे फलक केले, डबे बांधले आणि मलाही घेतलं. मला वाटलं, फलक बांधायला असेन.

देवळीच्या तहसील कचेरीसमोर मोठं आवार आहे. मनकर्णाबाईने मला तिथे जमिनीवर अंथरलं. पण सरळ नाही. एक बाजू, वळण, दुसरी बाजू, पुन्हा वळण, आणि तिसरी बाजू सुरू होताच मी संपले. मग पाण्याच्या बाटल्या ठेवून बाकीच्या भिंती पुऱ्या केल्या. एका बाजूला तीन फूट मोकळे सोडले. ते दार.

"हे माह्यं घर," ती म्हणाली आणि दारातून आत जाऊन बसली. मग कुंताबाई आत गेली. मग सगळ्या. एकीने माझ्या आतल्या कोपऱ्यात चूल म्हणून विटा मांडल्या, एकीने लेकरू निजवलं. दाराबाहेर चपलांची रांग लागली. जमिनीवर पडलेल्या दोरीच्या आत कुणी चप्पल घालून गेलं नाही, हे मी तेव्हाच पाहिलं.

अकरा वाजता साहेब आले. तरुण होते, घाईत होते. ते सरळ माझ्यावरून पाय टाकून आत आले.

"सायब," मनकर्णाबाई म्हणाली, "भितीतून काऊन आले? दार तिकडे हाय."

साहेब थांबले. एक पाय आत, एक बाहेर. शिपाई हसू दाबत होता. साहेबांनी खाली पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. मग त्यांनी आतला पाय मागे घेतला, पूर्ण वळसा घातला, दारापाशी बूट काढले आणि आत आले.

टाळ्या झाल्या. कुंताबाई म्हणाली, "बसा सायब. चहा ठेवला असता, पण घर नवं हाय, दूध नाई अजून."

साहेब खरंच बसले. मनकर्णाबाईने आवाज खाली आणला. "सायब, मेल्यावर साडेतीन हात जागा भेटते, तिथं कोणी कागद नाई मांगत. जितेपणी मांगून राह्यलो, तं काऊन मांगता?"

 साहेबांनी डायरी काढली आणि तारीख दिली. पुढच्या सोमवारी ते स्वतः मोजणीला येणार होते. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट सांगितली. ज्याची जागा पाचशेच्या वर निघेल, त्याचं नाव या यादीत बसणार नाही.

आता माझं गुपित.

तेहतीस घरं आधीच मोजून झाली होती. शेवटच्या ओळीतली नऊ राहिली होती, ती रविवारी मोजायची ठरली. शनिवारी मी कुंताबाईकडे होते. तिने मला उजेडात धरून पाहिलं. कचेरीतली धूळ, अंगणातलं शेण, चुलीची राख, सगळं माझ्या अंगाला लागलं होतं. कुंताबाईचं घर पाहाल तर ताटंसुद्धा आरशासारखी. ती स्वतःशीच बोलू लागली.

"परवा सायब येऊन राह्यले. त्याइच्या हातात असी मळकट दोरी द्याची? काय म्हणतीन, नाल्यापलीकडचे लोक घाणेरडेच."

तिने चुलीवर पाणी तापवलं. बादलीत धुण्याची पावडर टाकली. आणि मला त्यात बुडवलं.

मी ओरडू शकत नाही. ओरडू शकले असते तर सांगितलं असतं, बाई, मी अंबाडीची आहे, गरम पाणी लागलं की मी आखडते. माझा प्रत्येक धागा फुगला आणि मी आतल्या आत आवळत गेले. तिने मला दगडावर आपटलं, पिळलं, गुंडाळूनच उन्हात ठेवलं. वाळल्यावर मी पांढरीस्वच्छ झाले. चिंध्या नव्यासारख्या दिसत होत्या. फक्त त्या एकमेकींच्या थोड्या जवळ आल्या होत्या. अडीच फूट मी कुठे तरी आतच हरवले होते. पण ते कुणाच्या डोळ्याला दिसणार?

"कशी नवरीवानी दिसून राह्यली!" कुंताबाई म्हणाली.

रविवारी दुपारी मोजणी सुरू झाली. आठ घरं लहान होती, त्यांचं काही बिघडलं नाही. नववं घर मनकर्णाबाईचं. एका टोकाला तिचा मुलगा मुकेश, दुसऱ्या टोकाला उज्वला. मनकर्णाबाई चिंध्या मोजत चालली होती.

"एकवीस," ती म्हणाली. मग लांबी. "पंचवीस."

उज्वलाने वहीत गुणाकार केला. पुन्हा केला. "काकू, पाचशे पंचवीस होते."

"म्हणजे?"

"पंचवीस जास्त."

 मनकर्णाबाईच्या नावासाठी ते पंचवीस चौरस फूट कापावे लागणार होते. घराच्या मागे दुसऱ्याची भिंत, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. मोकळी बाजू एकच, पुढची. म्हणजे ओसरी. तीच ओसरी, जिथे वस्तीची पहिली सभा झाली, जिथे अर्ज लिहिले गेले. तिची पुढची भिंत मनकर्णाबाईने एकटीने उचलली होती. भट्टीवर कामाला असताना रोज येताना दोन विटा डोक्यावर आणायची. दोन वर्षं लागली होती.

"पाड मुकेश," ती म्हणाली. "सायब सकाळी येतीन. भित दुसरी होईन, यादी दुसरी नाई होत."

मुकेशने भिंत फोडायची सब्बल आणली, पण हातात धरून नुसता उभा राहिला. मनकर्णाबाई ओसरीतले डबे आत नेऊ लागली. तिने भिंतीकडे पाहिलंच नाही. माझा मात्र जीव तुटत होता. चूक माझ्या अंगात होती आणि मला तोंड नव्हतं.

लक्ष्मणराव किती पाडायचं याची खूण करायला आला. सगळ्यांचे उतरलेले चेहरे त्याला बघवेनात. तो आहेच तसा, मयतीतही कोणाला तरी हसवून येतो. म्हणाला, "भित मोजायच्या आंधी मले मोजा. तरुणपणी पोलीस भरतीत एका इंचानं वापस पाठवलं होतं. पाच फूट चार. तवापासून म्या उंची मोजली नाई, राग म्हणून."

"तुमाले मसकरी सुचून राह्यली!" कुंताबाई चिडली.

पण तो भिंतीला पाठ लावून उभाच राहिला. मुकेशने सब्बल ठेवली, त्यालाही निमित्त हवंच होतं. त्याने मला लक्ष्मणरावाच्या टाचेपासून वर नेलं. पाच चिंध्या. मग अर्ध्या फुटाचा निळा दोरा. आणि त्याच्याही वर दोन बोटं.

"काका, साडेपाचच्या वर हाय तुम्ही!"

"काय सांगतं!" लक्ष्मणरावाची छाती फुगली. "पाह्यलं का, कुंते? म्हातारपणी तीन इंच वाढलो! आज भरती असती तं फौजदार असतो."

सगळे हसले. मनकर्णाबाईसुद्धा डबा हातात घेऊन हसली. एकटी कुंताबाई हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं टोक तिने हातात घेतलं आणि एक चिंधी ते दुसरी चिंधी आपल्या वितीने मोजलं. तिचाच हात, तिनेच शिवलेल्या चिंध्या. 

तिला गप्प राहता आलं असतं. वस्तीतली सगळ्यात टापटिपीची बाई म्हणून तिचं नाव होतं. आणि मनकर्णाबाई तर तिची वीस वर्षांची भांडणवाली शेजारीण, एकदा टोमणा मिळाला की वर्षभर पुरवणारी.

"म्या धुतली," ती म्हणाली.

"काय धुतली?"

"दोरी. गरम पाण्यानं. पावडर टाकून." तिचे डोळे भरले. "सायबापुढं मळकी दिसन म्हणून. मनकर्णे, तुहं घर नाई वाढलं वं. दोरी आखडली. थांबव त्या पोराले."

मनकर्णाबाईने डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता नाल्यापलीकडे ऐकू जाईल. ती कुंताबाईजवळ गेली, तिच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसत सुटली. एवढी हसली की ओसरीच्या भिंतीला धरून खाली बसली.

"धुतली! बाप्पा, दोरी धुतली! कुंते, उद्या नाला धुवशील तू!"

मग कुंताबाईही रडता रडता हसायला लागली.

आता मला पुन्हा पन्नासची कसं करायचं? टेप तुटलेला, दुकानं बंद झालेली, साहेब सकाळी येणार. उज्वला म्हणाली, "ओढून पाहू. पण किती ओढाची, ते कसं समजन?"

लक्ष्मणराव पुढे आला. "मी हाय नं! पाच फूट चार. सरकारनंच मोजलं होतं."

आणि मग वस्तीत असा खेळ झाला की विचारू नका. मला थोडं ओलं करून एका बाजूला बायकांनी धरलं, दुसऱ्या बाजूला माणसांनी. "हैशा!" म्हणत दोन्हीकडून ओढ. ओढलं की लक्ष्मणरावाला मोजायचं. "निळ्या दोऱ्याच्या बराबर आला. अजून ओढा!" पुन्हा ओढ. "एक बोट कमी. अजून!" शेवटच्या खेपेला कुंताबाईने असा जोर लावला की समोरची सगळी माणसं तोंडावर आली आणि लक्ष्मणराव पाच फूट दोन इंचांवर उतरला.

"अवो, बस करा!" तो ओरडला. "फौजदाराचा चपराशी करता का मले?"

मग मला थोडं सैल सोडलं. निळ्या दोऱ्याला तीन बोटं कमी, बरोबर पाच फूट चार, असा लक्ष्मणराव आला, तेव्हा मला दोन कडुनिंबांच्या मधे ताणून बांधलं आणि तसंच वाळू दिलं. अंग माझं दुखत होतं, पण ते दुखणं गोड होतं. त्यांनी मला टाकून दिलं नव्हतं.

सकाळी उठल्या उठल्या नऊही घरं परत मोजली. मग साहेब आले. चकचकीत लांब टेप घेऊन आले होते. बेचाळीसाव्या घरापाशी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. मनकर्णाबाई म्हणाली, "तुमचा टेप लावा सायब. पण बाजूले आमची दोरी बी लावा."

साहेबांनी मला ओळखलं. "ही तर ते घर," ते म्हणाले.

टेप आणि मी शेजारी शेजारी ताणल्या गेलो.  मनकर्णाबाई चिंध्यांवरून बोटं फिरवत होती, साहेब आकडे बघत होते. कुंताबाईने डोळे मिटून घेतले होते.

"वीस," मनकर्णाबाई म्हणाली.

"वीस," साहेब म्हणाले.

"चोवीस."

"चोवीस. दोन बोटं कमी-जास्त. चारशे ऐंशी. बसतंय, आजी."

लक्ष्मणरावाने टोपी हवेत उडवली. जाताना साहेबांनी त्याला विचारलं, "एवढं बरोबर माप कसं केलं तुम्ही?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "अंदाज, सायब." कुंताबाईने पदर तोंडात धरला होता. त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांना बजावलं, आणि मलाही.

कागद यायला आणखी आठ महिने लागले. आणखी दोनदा कचेरीत जाऊन माझं घर मांडावं लागलं. दुसऱ्या वेळी तर शिपायानेच आपणहून दार कुठे ते लोकांना दाखवलं. पण बेचाळीसच्या बेचाळीस कागद आले. जिथे नवरा-बायको दोघं आहेत, तिथे दोघांचं नाव. मनकर्णाबाईने उज्वलाला विचारलं, आपलं नाव कुठे, चारशे ऐंशी कुठे. मग तिने तो कागद बराच वेळ वरून खाली शोधला.

"तो लांबट शब्द नाई यात," ती म्हणाली.

मग एका हातात कागद धरून तिने मला ओसरीच्या भिंतीला लावलं आणि दुसऱ्या हाताने सगळ्या चिंध्या पुन्हा मोजल्या. चोवीसला पोचल्यावर भिंतीवर थाप मारली.

आता मी त्याच भिंतीवरच्या खुंटीवर असते. पण फार दिवस टांगलेली राहत नाही. आर्वीकडे एकदा जाऊन आले. आज जाम गावाला जायचंय. तिथे हायवेमागे छप्पन्न घरं आहेत आणि त्यांच्याकडे मोजायला काही नाही. उज्वला आणि मनकर्णाबाई तयार होताहेत, गाडी यायची आहे.

तुमच्याकडे कधी आले, तर माझी एकच विनंती आहे. माझ्या अंगावर माती दिसेल, राख दिसेल. ती तशीच असू द्या. त्यात बेचाळीस अंगणं आहेत. मला उन्हात ठेवा, ओढा, ताणा, माझं दार करून साहेबांना त्यातून यायला लावा, काहीही करा, पण

थांबा. कुंताबाई येतेय. बादली घेऊन. म्हणतेय, "परक्या गावाले चालली अन् अशी मळकी? जरासं नुसतं थंड्या पाण्यानं..."

"कुंते!" मनकर्णाबाईने आतून हाक मारली. "ठेव ते बादली खाली! अन् दोरी आण इकडे, गाडी आली!"

आले, आले. तर मी काय सांगत होते, छप्पन्न घरं म्हणजे छप्पन्न दारं, आणि पहिल्या दाराशी मला अंथरतील ना, तेव्हा मी... चला, गाडी सुटली.